गाण्यानंतरचा गूळ

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो पारूआत्याच्या गळ्याने. ती चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत गुणगुणायची. भाकरी तव्यावर पडली की आवाज वर चढायचा, उलटली की खाली उतरायचा. मी अंथरुणात डोळे मिटून ऐकायचे आणि कितवी भाकरी चालू आहे ते बरोबर सांगायचे. पारूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा गेला, तेव्हा एक पत्र्याची ट्रंक आणि एक पाटा-वरवंटा घेऊन ती भावाकडे आली आणि पुढे आमचीच झाली. तरी त्या पाट्याला ती शेवटपर्यंत ‘माझा पाटा’ म्हणायची आणि बाकीच्या घराला ‘तुमचं घर’. माझी आई तोंडातून शब्द काढायला कंजूष, वडील मिठागरावरून येऊन जेवले की आडवे होत. त्यामुळे घरात जो काही आवाज होता तो आत्याचा, आणि तिच्या खालोखाल माझा. मी लहानपणापासून तोंडाळ. आई म्हणायची, या वनीला जन्मल्यावर मधाऐवजी मिरची चाटवली असणार.

घर नायगावच्या खाडीकडेला, तीन खोल्यांचं. मागच्या दारात उभं राहिलं की मिठाच्या पांढऱ्या राशी दिसायच्या आणि त्यापलीकडे चिखल. त्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, निवट्या, वडील फडक्यात बांधून आणायचे. धुवायला घेतल्या तरी त्या टणाटण उडायच्या, एखादी मोरीतून थेट आईच्या पायांवर. आत्या पाट्यावर ओलं खोबरं, मिरची आणि कोथिंबीर वाटायची आणि वाटणाच्या लयीवर एखादं धवलं, म्हणजे लग्नातलं गाणं, म्हणायची. मीठ घालताना मात्र गाणं थांबवायची. म्हणायची, “गाताना मीठ घातलं तं हात सुटतो.” इतकी वर्षं झाली, मी गॅसवर मिक्सरचं वाटण घालून तेच कालवण करते, आणि मीठ घालताना अजूनही टीव्ही बंद करते. घरातले हसतात.

आत्या धवलारीण होती. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या लग्नांत हळद दळण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं, ती गाणी जिला पाठ ती धवलारीण. भटजी आले काय, न आले काय, धवलारणीने गायल्याशिवाय हळद लागली असं कोणी मानत नसे. आत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. किती गाणी येतात म्हणून विचारलं तर ती माझ्याकडे असं बघायची की जणू मी तिला डोक्यावरचे केस मोजायला सांगितलेत. बोलावणं आलं की ती नऊवारी लुगडं नेसायची, केसांत अबोली माळायची, आणि निघताना कमरेला एक कापडाची पुरचुंडी खोचायची. त्या पुरचुंडीत गूळ असे.

हा गूळ काय प्रकार ते नीट सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपतं. लग्नात नवऱ्याची उष्टी हळद नवरीच्या घरी आणतात. ती घेऊन नवऱ्याची आई आणि तिच्या बायका आल्या की नवरीकडची धवलारीण विहिणीची यथेच्छ टिंगल करते, गाण्यातून, सगळ्यांसमोर, नाव घेऊन. विहीण कंजूष, विहीण खादाड, विहिणीने पदरात वडे लपवले. सगळ्या विहिणींना तीच गाणी, फक्त नाव आणि गाव बदलायचं. आणि विहिणीने ते ऐकून घ्यायचं, हसायचं, जमलं तर उलट गायचं. गाणं संपलं की जिने गायलं तिनेच विहिणीच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि म्हणायचं, “मांडवातलं मांडवान.” झालं. बोललेलं सगळं त्या गुळाबरोबर विरघळलं. त्यानंतर त्यातला एक शब्द जरी कोणी मांडवाबाहेर काढला तर त्याला लाज नाही असं समजत. एकदा आत्याचा घसा बसला होता म्हणून तिने एका विहिणीवर गाणं म्हटलं नाही, तर ती बाई वर्षभर रुसली होती. आपल्याला शिव्या खाण्याइतकाही मान दिला नाही म्हणून.

मी वाढले ते घरात एकेक नवा आवाज येत गेला त्या काळात. आधी रेडिओ होता. मग वडिलांनी कॅसेटचा टेप आणला, त्यावर आत्याने पहिल्यांदा कोळीगीतं ऐकली आणि म्हणाली, “बरी गाते बाई, पन श्वास कवा घेते?” मग केबल आली. संध्याकाळी मालिका लागली की आत्याचं गुणगुणणं बंद व्हायचं, तीही पडद्यासमोर बसायची आणि मालिकेतल्या सासवांना मनापासून शिव्या द्यायची. लग्नांत बेंजोवाले आले, त्यांच्याशी तिचं जमून गेलं. ते वाजवताना ती पानाचा विडा खायची, ते दमले की ती गायची. पण नंतर डीजे आला. मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच खोकी लागली, आणि त्यांच्यासमोर नऊवारीतली एक सुकी बाई हळदीच्या पाटापाशी बसून काय गाते हे पाटावरच्या नवरीलासुद्धा ऐकू जाईना. पोरं म्हणायची, “आत्या, पाच मिंटात उरका ना.” ती उरकायची. तीन गाण्यांचं एक करायची, चौथं मनातल्या मनात म्हणायची. गूळ मात्र कधी चुकवला नाही.

मला याचा संताप यायचा. मी तेव्हा वसई स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि आपल्याला जगातलं फार कळतं अशी माझी खात्री होती. खालच्या मजल्यावर नेट कॅफे होता. तिथे संध्याकाळी बसून मी लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघायचे. कोणाचं मांजर, कोणाचा वाढदिवस, कोणी आरशासमोर नाचतंय. मला वाटायचं, जगाला हे बघायला वेळ आहे आणि आमच्या आत्याला ऐकायला घरच्या पोरांनाही वेळ नाही! पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला. त्यात थोडाच वेळ शूटिंग व्हायचं, कार्ड लगेच भरायचं. पण माझ्या डोक्यात योजना पक्की झाली होती. शालूच्या लग्नात आत्याला शूट करायचं आणि नेटवर टाकायचं.

शालू माझी मोठी बहीण. आमच्या दोघींत तीच शहाणी, हे आईचं मत, आणि ते बरोबर होतं. तिला दिली होती वसईजवळच्या होळी गावात. भाजीपाल्याची वाडी, विहीर, घराभोवती केळी. तिची सासू जनाबाई रोज सकाळी टोपलीभर वांगी, दुधी, पालेभाजी घेऊन वसईच्या बाजारात बसायची. ठसठशीत कुंकू, बुटकी, अंगाने भरलेली, आणि हसली की सगळं अंग हलायचं. ती बोलणी करायला आली तेव्हा पदरात वांगी घेऊन आली होती. पिशवी नाही, टोपली नाही, नेसल्या लुगड्याच्या पदराचा झोळ करून दहा-बारा कोवळी वांगी, देठाला पाणी सुटलेलं. आईच्या सुपात ती ओतून म्हणाली, “पदरान आनलेलं गोड लागतं.” आत्याला ती तिथेच आवडली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी उष्टी हळद आली. डीजेवाले जेवायला बसले होते, ती वेळ आत्याने साधली. मांडवात वड्यांचा आणि मटणाच्या रश्श्याचा वास भरला होता, बायका ताटं आवरत होत्या. जनाबाई पितळी वाटी घेऊन आत आली आणि पाटावर बसायच्या आधीच आत्याकडे बघून म्हणाली, “पारूबाय, आज मना सोडू नको हा! घरच्यांना सांगून आयले, पोटभर शिव्या खाऊन येते.” बायका खिदळल्या. मी खुर्चीवर उभी राहिले आणि मोबाइल समोर धरला. आत्याने घसा खाकरला आणि सुरू झाली.

“आयली गो आयली, होळी गावची जनाबाय,
हळद आनली वाटीभर, वाटी बी भरली नाय.
एक वडा पानान, दोन वडे पदरान,
तिसऱ्याला हिंडते आमच्या मांडवान.”

किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा सुटला होता. मधेच ती उठली, जनाबाईच्या पदराचं टोक धरून झटकलं आणि डोळे मोठे करून आत वडे शोधल्याचा आव आणला. मांडव हसून लोटपोट. जनाबाईने दोन्ही हातांनी पदर छातीशी आवळून धरला आणि चोरी पकडल्यासारखं तोंड केलं. ती काही कमी नव्हती. शेवटची ओळ बायकांनी दोनदा उचलून धरली, टाळ्या पडल्या, गाणं संपलं. आणि मी बटण दाबून मोबाइल बंद केला. कार्डात जागा संपत आली होती, अजून शालूची हळद घ्यायची होती. खुर्चीवरून उतरताना मी पाहिलं, आत्याने पुरचुंडी सोडली, गुळाचा खडा जनाबाईच्या तोंडात घातला, म्हणाली, “मांडवातलं मांडवान, इहीनबाय.” जनाबाईने तिला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. ते सगळं मी बघितलं. घेतलं नाही.

लग्न उरकल्यावर आठवड्याने मी ते नेट कॅफेत जाऊन चढवलं. चढायला इतका वेळ लागला की मधे दोनदा चहा झाला. खाली मी मराठीत लिहिलं, ‘आमची आत्या, वसईची धवलारीण’. चार-पाच दिवसांनी बघते तर लोकांनी खाली लिहिलेलं. एकाने आखातातून लिहिलं होतं की आजीची आठवण आली. जहाजावरच्या एका मुलाने लिहिलं, पूर्ण गाणं टाका. मी हरखून गेले. एका रविवारी आत्याला रिक्षात घालून कॅफेत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. ती स्क्रीनवरच्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली. आधी म्हणाली, “पदर नीट नाय माझा.” मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. गाणं संपून स्क्रीन काळा झाला तरी ती तिथेच बघत होती.

“गूळ कुठंय?” तिने विचारलं.

“गाणं संपलं ना आत्या.”

“गाणं संपलं नाय गो वनी. गूळ दिला का संपतं.”

“अगं, लोकांना गाणं ऐकायचं असतं, गूळ कोण बघतंय!”

माझ्या शिक्षणाचा तिला मान होता, आणि त्या मानाचा मी त्या दिवशी गैरवापर केला, असंच आता म्हणावं लागेल. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, “तुला म्हाईत.” मला काहीही माहीत नव्हतं.

पुढचे दोन-तीन महिने आमच्याकडे दिवाळीच होती. वाटार, विरार, कुठून कुठून बोलावणी आली, ‘नेटवरच्या आत्या’ म्हणून. मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, मी म्हणत नव्हते? आणि मग एक दिवस मी नायगाव स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानासमोरून जात होते, तेव्हा आतून आत्याचा आवाज आला. आवाज तिचा, पण खाली धडाड धडाड ताल, आणि ‘दोन वडे पदरान, दोन वडे पदरान’ एवढंच पुन्हा पुन्हा, मधे ‘जनाबाय, जनाबाय’ असा कापून लावलेला ठेका. दुकानदार लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा, त्यात हेही होतं. मी आत जाऊन म्हटलं, हे आमच्या घरचं आहे, काढा. तो बिचारा भला माणूस होता. म्हणाला, “ताई, मी काढतो. पण बाजूवाल्याकडे पण आहे, त्याच्या बाजूवाल्याकडे पण आहे. सगळे एकमेकांना ब्लूटूथने देतात. मी कोणाकोणाला सांगू?” पंधरवड्यात ते हळदीच्या डीजेवर वाजायला लागलं. आत्याला ‘उरका ना’ म्हणणारी पोरं आत्याच्याच आवाजावर नाचत होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

शालू माहेरपणाला आली ती रडतच. सांगता सांगेना. शेवटी आईने तिला मागच्या दारी नेलं, तेव्हा तिथून ऐकू आलं ते मी अजून विसरले नाही. जनाबाईला बाजारात लोक ओळखायला लागले होते. ‘होळी गावची जनाबाय’ ही तर तीच! पोरं टोपलीजवळून जाताना ठेका वाजवून जायची. एक गिऱ्हाईक बाई, चांगली शिकलेली, नव्या बिल्डिंगमधली, भाजी घेताना हसत म्हणाली होती, “मावशी, पदरात किती वडे आहेत आज?” जनाबाई आधी हसली. दुसऱ्या दिवशीही हसली. मग कोणीतरी खरंच विचारलं, की तुम्ही लग्नात वडे चोरलेत का. आणि तिला कळलं की यांना ते गाणं वाटतच नाही, यांना ती बातमी वाटते. गेले आठ दिवस ती बाजारात गेली नव्हती. भाजी वाडीतच जून होत होती. घरी शालूला कोणी काही बोललं नव्हतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. “त्या मना एक शब्द बोलल्या नाय, आई,” ती म्हणत होती. “बोलल्या असत्या तं बरं झालं असतं.”

मी त्याच दुपारी कॅफेत गेले आणि माझा व्हिडिओ काढून टाकला. एक बटण दाबायचं होतं फक्त. मनात आशा होती की मूळ उपटलं की झाड वाळेल. शोधून बघितलं तर तेच गाणं आणखी सात ठिकाणी होतं, वेगवेगळ्या नावांनी. एकाने नाव दिलं होतं ‘सासूची चोरी पकडली’. मी एकेकाला लिहिलं. हात जोडून लिहिलं, मग रागाने लिहिलं. एकाने उत्तर दिलं की हे लोकगीत आहे, तुमच्या बापाचं आहे का. तक्रारीचा एक इंग्रजी अर्ज होता तो भरला, त्यात एक रकाना होता, तुमचा या मजकुराशी संबंध काय. तिथे काय लिहायचं हे मला सुचेना. मी लिहिलं, ती माझी आत्या आहे आणि त्या माझ्या बहिणीच्या सासूबाई आहेत आणि याच्यानंतर गूळ होता. त्याचं उत्तर कधी आलं नाही. काय येणार होतं?

मग शालू सासरी परतल्यावर एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जनाबाई स्वतःच आमच्याकडे आली, शालूला घेऊन. मी घरीच होते. वाटलं, आता भांडण, आता शालूचं काही खरं नाही. जनाबाईने नवी कापडी पिशवी आणली होती, त्यातून वांगी काढून सुपात ठेवली. पदर तिने अंगाभोवती घट्ट लपेटून पाठीमागे खोचला होता. मी पाया पडले आणि म्हणाले, “मावशी, माझी चूक झाली. मी काढून टाकलंय माझ्याकडचं.” तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होती ती आत्याकडे.

“पारूबाय, मना ठावं हाय ते गाणं हाय,” ती म्हणाली. “मीच बोललेली, सोडू नको. तुझ्यावर माझा राग नाय. पन तू सांग मना, तू एकदा गायलीस, मना एक खडा दिलास. आता ते रोज गातंय. कई स्टेशनवर, कई रिक्षान, कई कोनाच्या खिशान. त्याचा गूळ कोन देनार?”

आत्या उठली, फळीवरचा डबा काढला, आणि गुळाचा खडा जनाबाईच्या तोंडात घातला. “मांडवातलं मांडवान,” ती म्हणाली, पण आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. जनाबाईने खडा तोंडात धरला आणि डोळे मिटले. आणि अगदी तेव्हाच, आमच्या मागच्या दाराला लागून जिथे मिठाच्या राशी होत्या तिथे नव्या इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या कोणाच्या तरी मोबाइलवर ते लागलं. दोन वडे पदरान, दोन वडे पदरान. लावणाऱ्याला मराठी येत नसावी. नुसता ताल आवडला असेल बिचाऱ्याला. आम्ही पाच बायका घरात, एकही हलली नाही. मागे जाऊन ‘बंद कर’ म्हणावं असं माझ्याही मनात आलं नाही, मी एवढी तोंडाळ असून. कोणाकोणाला सांगणार? आत्याने पुन्हा डब्यात हात घातला, दुसरा खडा काढला, आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली. जनाबाई म्हणाली, “राहू दे, पारूबाय. डबा पुरायचा नाय.”

त्या दिवसापासून आत्या गायची थांबली. लग्नाची बोलावणी आली की घसा दुखतो म्हणायची. भाकऱ्या थापताना नुसता थपथप आवाज यायचा, आणि मला अंथरुणात कितवी भाकरी ते कळेनासं झालं. मी खूप मागे लागले. वह्या आणल्या, म्हटलं, तू सांग, मी लिहून घेते, रेकॉर्ड करत नाही, शपथ. ती माझ्या हातातल्या पेनाकडेही संशयाने बघायची. “गायलं का फिरतं,” म्हणायची, “आनि फिरलं का मांडव र्‍हात नाय.” मी म्हणायचे, अगं पण तुझ्यामागे कोण गाणार? तेव्हा एकदा ती माझ्यावर ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा: “तुमचा तो मोबाइलचा डबा गातोय ना? त्यालाच सांग!” आणि मग स्वतःच पाट्यापाशी बसून रडली. मी तिच्याशेजारी बसून राहिले. समजूत घालायला तोंड कुठलं?

ती गेली तेव्हा तिच्या पोटातली सगळी गाणी तिच्याबरोबर गेली. मला त्यातली नऊ-दहा अर्धीमुर्धी येतात, चाली धड येत नाहीत. हल्ली लग्नात ‘पारंपरिक हळद’ करतात, पिवळे पडदे लावून, आणि दर हळदीत प्रत्येकजण दुसऱ्याला मोबाइलमध्ये घेत असतो. कधीतरी तिथे ते वाजतंच, कोणीतरी त्याला पुन्हा नवा ताल लावलेला असतो. पोरी पदराचा झोळ करून नाचतात. माझी स्वतःची मुलगी एकदा नाचली, तिला माहीत नव्हतं. मी तिला रागावले नाही. मी खरं काय केलं ते सांगते: मी कोपऱ्यात उभी राहून आत्याचा आवाज ऐकला. कारण तिचा दुसरा आवाज जगात कुठेही शिल्लक नाही. ज्या गाण्याला मी जगातून पुसून टाकायला धडपडले तेच नेमकं उरलं, आणि आता ते कोणी पुसलं तर मीच रडेन. माझं मला कळत नाही की मी यात कोणाच्या बाजूची.

मागच्या वर्षी शालूकडे गेले होते. होळी गावातली ती वाडी अर्धी उरली आहे. जनाबाई फार थकली आहे, कानाने कमी ऐकते, दिवसभर ओटीवर खाटेवर बसून असते. बाजार तिने पुढे पुन्हा केला होता, लोक विसरले आणि नवे आले. पण शालू सांगते, त्यानंतर त्यांनी पदरात कधी काही घेतलं नाही, तुळशीची चार पानंसुद्धा नाही. मी जाऊन शेजारी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग ती एकदम म्हणाली, “वनी, पारूबाय हाय का ग तुझ्या मोबाइलान?”

मी म्हटलं, “आहे मावशी.”

“लाव.”

मी शालूकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मी शोधलं, ताल न लावलेलं एक कुठेतरी अजून होतं, कोणी टाकलंय देव जाणे. मोबाइल तिच्या कानाशी धरला. आयली गो आयली, होळी गावची जनाबाय. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. वाटी बी भरली नाय म्हटल्यावर ती हसली, सगळं अंग हललं, अगदी तसंच. पदराच्या ओळीला तिने म्हाताऱ्या हातांनी पदर छातीशी आवळला. टाळ्या पडल्या, गाणं संपलं, स्क्रीनवर दुसरंच काहीतरी सुरू झालं ते मी घाईने बंद केलं. जनाबाई तशीच बसली होती, डोळे मिटून, तोंड थोडं उघडं ठेवून. मला एक क्षण कळेना. मग कळलं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले, शालूच्या डब्यातून गुळाचा खडा घेतला आणि येऊन तिच्या ओठांशी धरला. तिने डोळे उघडले, खड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. माझा हात हलकेच बाजूला करत म्हणाली, “तुझ्या हातचा नाय चालत, बाय. जी गायली तिच्याच हातचा लागतो.”